पाऊण बाटली चीक

पूल मागितला होता. तोफ मिळाली.

लढाईची तोफ नव्हे. डोंगराच्या उतारावर तिरकी टाकलेली, हवेच्या दाबावर चालणारी लांबलचक नळी. सरकारी कागदात तिचं नाव 'आरोग्य प्रक्षेपक'. धरणाच्या अलीकडच्या काठावर तांबडमाळला एक, पलीकडच्या काठावर घेरावाडीला एक. मधे पाणी. धरण झालं तेव्हा ज्यांची घरं बुडाली त्यांतली काही धनगर कुटुंबं म्हशी घेऊन वर चढली आणि वरच राहिली. त्यांना दवाखान्यात यायला लाँच होती. पण उन्हाच्या तोंडाशी पाणी मागं सरलं की दोन्ही काठांना कमरेएवढा गाळ उघडा पडतो. गाळात लाँच येत नाही आणि गाळातून माणूस जात नाही. पुलाचं अंदाजपत्रक एकामागून एक सरकारांनी बघितलं आणि सगळ्यांनाच ते महाग वाटलं. पलीकडे तेवढी माणसं नव्हती. मतं तर त्याहून कमी. मग ड्रोन आले. खिंडीतल्या वाऱ्यानं ते पहिल्याच वर्षी पाण्यात झोपवले. शेवटी कुणाच्या तरी डोक्यात आलं की औषध सरळ फेकावं.

घेरावाडीच्या बायकांनी नळी बघितली आणि तिला उखळ म्हटलं. मग नळीतून उडणाऱ्या डब्याला दुसरं काय म्हणणार? मुसळ. कंपनीची माणसंही पुढं पुढं तेच म्हणायला लागली.

दिसायला तो डबा मुसळासारखा नव्हता. पुढून जाडगोल, मागं निमुळता होत गेलेला. लोकांना वाटतं, वेगानं जायचं तर पुढं टोक हवं. आवाजापेक्षा हळू जाणाऱ्या वस्तूला टोकाची गरज नसते. गोल नाक हवेला नीट बाजूला सारतं. खरं भांडण मागं होतं. बाजूला सारलेली हवा वस्तूच्या पाठीमागं पुन्हा मिटली पाहिजे. शेपूट एकदम तोडलेलं असेल तर ती मिटत नाही, तिथं भोवरे होतात आणि वस्तूला मागं ओढत राहतात. म्हणून शेपूट निमुळतं. त्यावर तिरके पंख, म्हणजे मुसळ उडताना स्वतःभोवती फिरेल आणि फिरत्या भोवऱ्यासारखं आपली दिशा धरून राहील.

वजनाचं त्याहून वेगळं. कापसाचा गोळा आणि तेवढ्याच आकाराचा दगड, दोन्ही सारख्या वेगानं सुटू द्या. हवा दोघांना सारखीच अडवते, कारण तिला आकार दिसतो, वजन दिसत नाही. पण दगडाला थोपवायला तेवढी अडवणूक पुरत नाही. कापूस तिथंच बसतो. तसंच, रिकामं मुसळ भरलेल्यापेक्षा लवकर दमतं आणि वाऱ्यानं जास्त सरकतं. म्हणून उखळाच्या तोंडाशी काटा होता. मुसळ ठेवलं की यंत्र वजन घ्यायचं, वारा बघायचं आणि त्या हिशेबानं दाब लावायचं. पलीकडच्या काठावर येताना छत्री उघडायची आणि मुसळ जाळ्यात पडायचं.

आत काय आहे ते यंत्राला कळत नव्हतं. कळायची गरज आहे असं कुणाला वाटलंही नव्हतं.

तांबडमाळचं उखळ रोहिणी आखाडे चालवायची. घेरावाडीचं तिची आई, जानकी. रोहिणी डिप्लोमा झालेली, आईला ह्या कामाला तिनंच ओढलं. जानकी प्रशिक्षणाला आली तेव्हा बॅगेत भाकरी घेऊन आली होती. जाताना सलाईन लावायला, रक्ताची पिशवी चढवायला आणि डॉक्टरबाईंना मोबाइलवर जखम दाखवायला शिकून गेली. आता वाडीत तिला मान होता. दुखलं-खुपलं की तिचंच दार. ज्या बायकांनी तिला विधवा म्हणून हळदी-कुंकवाला कधी बोलावलं नव्हतं, त्या आता मूल कडेवर घेऊन तिच्या अंगणात बसायच्या.

नियम होता: औषधाचं मुसळ रिकामं झालं की रिकामंच परत फेकायचं.

हा नियम जानकीनं एकदाही पाळला नाही. लेकीकडून आलेलं भांडं रिकामं परत करतात का? मुसळात कधी नाचणीच्या पिठाची पुडी यायची, कधी वाळवलेली करवंदं, कधी चार शेंगा. काहीच नसलं तर साखरेचे दाणे कागदात बांधून. रोहिणी मुसळ उघडायची तेव्हा सगळ्यात आधी आत नाक घालायची. चुलीचा वास यायचा. लाँच बंद असायची त्या महिन्यांत मायलेकींची भेट म्हणजे एवढंच.

"आये, कंपनीवाले ओरडतील बरं का," असं ती फोनवर म्हणायची आणि करवंदं तोंडात टाकायची.

"ओरडू देत. त्यांच्या आयांनी त्यांना रिकामे डबे पाठवले असतील," जानकी म्हणायची.

त्या वर्षी म्हैस उशिरा व्याली. संध्याकाळी जानकीचा फोन आला.

"रेडी झाली गं. काळीभोर. कपाळावर चांदणी हाय."

"आणि चीक?"

"लय आलाय. शेजारीपाजारी वाटला. तुझा वाटा काढलाय, पर द्येऊ कसा?"

"खरवस खाऊन किती वर्षं झाली, आये. इथं बाजारात मिळतो तो पावडरचा. रबरासारखा लागतो."

एवढंच ती बोलली. "पाठव" म्हणाली नाही. पण आईला लेकीनं "पाठव" म्हणावं लागतं का?

सकाळी वाडीतल्या सुगंधा झोरेच्या पोटात कळा सुरू झाल्या. दिवस भरायला वेळ होता, त्यात पोरगी आधीच पांढरीफटक. तांबडमाळच्या डॉक्टर नेरकर फोनवर म्हणाल्या, "जानकीताई, रक्ताचा नमुना लगेच पाठवा. इकडं जुळवून पिशव्या तयार ठेवते. तिला रक्त लागणारच आहे." जानकीनं नमुना काढला, फेसाच्या खोबणीत घट्ट बसवला, शिकवलं होतं अगदी तसा. मग उरलेल्या जागेत चिकाची बाटली ठेवली. बाटली तिनं काठोकाठ भरली नव्हती. तोंडापर्यंत भरलं की उतू जातं, सांडतं, हे कुठल्याही बाईला कळतं. पाऊण भरली, वर मोकळी जागा ठेवली, झाकणाला कापड बांधलं. भोवती चिंध्या कोंबल्या. नमुन्याला धक्का लागू नये याची तिनं काळजी घेतली होती.

काट्यानं वजन घेतलं. दाब लागला. मुसळ सुटलं.

रोहिणी पडद्यावर बघत होती. मुसळातला यंत्राचा डोळा त्याचं नाक कुठं आहे ते कळवत राहतो. सुटताना रेघ सरळ होती. मग नाक एक बारीक गोल काढायला लागलं. तो गोल मोठा झाला, आणखी मोठा झाला. थोड्याच वेळात मुसळ लाटण्यासारखं आडवं पडून हवेत झोकांड्या खात होतं. गोल नाक, निमुळतं शेपूट, सगळं फुकट. आडव्या मुसळाला हवेनं धरलं आणि पाण्याच्या मध्यावर खाली घातलं. छत्री उघडलीच नाही.

पडदा लाल झाला. दोन्ही काठांच्या उखळांना आपोआप कुलूप बसलं.

"आये, आत काय ठेवलं होतंस?"

"नमुना. आन् तुझा चीक."

 प्रशिक्षणात त्यांना एक वाक्य पाठ करायला लावलं होतं: आत काहीही हलता कामा नये. पिठाची पुडी हलत नव्हती. करवंदांची गच्च पुरचुंडी हलत नव्हती. पाऊण बाटलीतला चीक हलत होता.

"बुडालं का गं?" जानकी म्हणाली. "बरं, दुसरा नमुना काढत्ये. मोकळा पाठवत्ये."

"आये, कुलूप बसलंय. मी बघते."

दुसऱ्या नमुन्याची वेळ आलीच नाही. सुगंधा बाळंत झाली, मुलगी झाली, रडली. आणि मग रक्त थांबेना. जानकीनं मोबाइल सुगंधाच्या अंथरुणाकडे वळवला. डॉक्टर नेरकरांनी एकदा बघितलं आणि त्या शीतपेटीकडे धावल्या.

"नमुना गेला खड्ड्यात. कुणालाही चालतं त्या गटाच्या दोन पिशव्या आहेत. रोहिणी, भर आणि फेक. आत्ता."

"कुलूप आहे, मॅडम."

"मग काढ!"

कुलूप काढायला कारण भरावं लागायचं. पडलेलं मुसळ कुणाच्या डोक्यात बसलं तर जबाबदार कोण, हा प्रश्न कंपनीच्या वकिलांना यंत्र बनवायच्या आधीच पडला होता. म्हणून मुसळ भरकटलं की कारण आणि जबाबदार माणूस ठरल्याशिवाय पुढचं उड्डाण नाही. अंथरुणात रक्त सांडत असलेली बाई ह्या व्यवस्थेत कुठल्याच रकान्यात बसत नव्हती.

रोहिणीनं आधी 'हवामान' दाबलं. यंत्रानं स्वतःचा वारामापक बघितला आणि नकार दिला. वारा पडलेला होता. 'यंत्राचा दोष' दाबलं असतं तर तालुक्याहून पथक येईपर्यंत दोन्ही उखळं बंद. पथक संध्याकाळशिवाय येत नव्हतं.

तिनं 'चालकाचा दोष' यावर बोट ठेवलं. चीक मागितला होता तिनं. पण चालकाचा दोष म्हणजे चालक तिथल्या तिथं निलंबित, तिच्या अंगठ्याला उखळ उघडणार नाही. तांबडमाळला दुसरा चालक नव्हता.

राहिला 'प्रेषकाचा दोष'. तो दाबला की पाठवणाऱ्याचं नाव लागतं, त्याची चौकशी होते आणि यंत्र मोकळं होतं. पाठवणारा निलंबित झाला तरी मुसळ घ्यायला, पिशवी चढवायला बंदी नव्हती. दुसऱ्याच्या चुकीनं कंपनीचं काम अडू नये याची वकिलांनी काळजी घेतली होती.

"रोहिणी!" डॉक्टरबाई किंचाळल्या. पिशव्या त्यांच्या हातात होत्या.

रोहिणीनं दाबलं. पडद्यानं नाव विचारलं. तिनं आईचं नाव टाइप केलं, संपूर्ण, बापाच्या नावासकट. मग अंगठा लावला.

कुलूप उघडलं.

पिशव्या खाचेत बसल्या. दोन्ही बाजूंनी फेस दाबून, हवेला जागा न ठेवता, म्हणजे आतलं रक्त हलणार नाही. मुसळ सुटलं आणि पडद्यावर केसासारखी सरळ रेघ उमटली. जानकीनं जाळ्यातून मुसळ काढलं, पळत सुगंधाच्या घरी नेलं आणि डॉक्टरबाई मोबाइलवर सांगत होत्या तसं रक्त लावलं. तिचा हात हलला नाही. पहिली पिशवी संपत आली तेव्हा सुगंधाचा नवरा धाकलू, जो इतका वेळ दाराच्या चौकटीला धरून उभा होता, तो खाली बसला आणि त्यानं बाळाकडे पहिल्यांदा बघितलं.

सुगंधा वाचली.

दुसऱ्या दिवशी कंपनीचे इंजिनिअर मिरजकर आले. तरुण, दाढीवाले, बुटांना गाळ लागलेला. पडद्यावरचे ते मोठे होत जाणारे गोल त्यांनी दोनदा बघितले आणि दवाखान्याच्या स्वयंपाकघरातून दोन अंडी मागवली. एक उकडलेलं, एक कच्चं. दोन्ही टेबलावर फिरवली. उकडलेलं भिंगरीसारखं फिरलं. कच्चं दोन वेळा डुलून थांबलं.

"कवच सारखं, वजन जवळजवळ सारखं," ते म्हणाले. "फरक आतला. उकडलेल्यात सगळं कवचाबरोबर फिरतं. कच्च्यात आतलं मागं राहतं आणि कवचाशी भांडतं. मुसळाचं तेच झालं. आत काही डचमळलं की फिरण्याची ताकद खाल्ली जाते आणि नाक कलायला लागतं. नाक कललं की हवेला अंग मिळतं. मग संपलं."

"बाटली काठोकाठ भरली असती तर?" रोहिणीनं विचारलं.

"कदाचित पोचलं असतं. बाटलीतली रिकामी जागा नडली."

"सांडू नये म्हणून ठेवली होती ती."

"हो. माझी आईपण ठेवते."

"तुम्ही चाचण्या घेतल्या असतील ना?"

"घेतल्या. वाळू भरून, मेण भरून, पिशव्या भरून. पाऊण बाटली कुणी पाठवेल असं वाटलं नाही."

"रिकामं मुसळ दर वेळी रिकाम्यापेक्षा जड येत होतं. काट्यावर दिसत होतं ना तुम्हाला?"

मिरजकरांनी उकडलेलं अंडं सोलायला घेतलं. "दिसत होतं. यंत्र त्या वजनाला बरोबर दाब लावत होतं. मुसळ पोचत होतं. मग कोण विचारतंय?"

"साहेब, चीक मी मागितला होता."

ते थांबले. दाराकडे बघून आवाज खाली आणला. "हे मला सांगितलंत, ठीक आहे. लिहून देऊ नका. तुमच्या आईचं नाव लागलंच आहे, ते निघत नाही. तुमचंही लागलं तर इकडचं उखळ बंद. तिकडची बाळंतीण अजून अशक्त आहे, परवा तिला औषध लागेल. ते कोण फेकणार?"

अंडं त्यांनी दोन घासांत खाल्लं. मीठ नव्हतं.

आईचा फोन त्याच दुपारी आला.

"माझं नाव लावलंस?"

"लावलं, आये."

"सगळ्यांच्या मोबाइलवर आलंय. फोटोसकट. 'प्रेषकाचा दोष, जानकी आखाडे.' धाकलूची आय अंगणात येऊन बोलून ग्येली. म्हणती, तुझ्या लेकीच्या खरवसापायी माझी सून चालली हुती."

"दुसरं काही चालत नव्हतं. माझं नाव टाकलं असतं तर रक्त गेलं नसतं."

"ते कळतंय मला. म्या रक्त लावलंय, मला न्हाई कळायचं?"

मागं म्हशीची साखळी वाजली.

"चीक तू मागितलास, हे कुणाला सांगितलंस का?"

"इंजिनिअर साहेबांना."

"मग त्ये आलं का कुणाच्या मोबाइलवर?"

"नाही."

"हं."

"आये, मी लिहून देते. कंपनीला देते. आत्ता देते."

"आन् उखळ कोण चालवणार? तुझा बा?" जानकी म्हणाली. बाप वारून बरीच वर्षं झाली होती. "राहू दे. सुगंधा बरी हाय. पोरगी दूध पितीया. ठेवत्ये."

महिनाअखेर हुकूम आला. घेरावाडीला नवी बाई नेमली जाईल. तोवर जानकी आखाडे यांनी मुसळं घ्यावीत, परंतु रिकाम्या मुसळाखेरीज काहीही परत पाठवू नये. नवी बाई म्हणजे धाकलूची बहीण. तिला सुई लावता येत नव्हती. ते शिकवलं जाणार होतं. कधी, ते हुकमात नव्हतं.

त्याच पत्रात आणखी एक ओळ होती. ह्या घटनेवरून धडा घेऊन सर्व केंद्रांवर मुसळांच्या आत हालचाल ओळखणारं यंत्र बसवण्यात येईल. पुलाबद्दल काही नव्हतं.

रोहिणीनं सुगंधाचं औषध पाठवलं: लोहाच्या गोळ्या, बाळाच्या लशी. जागा उरली होती. घरून आणलेली बाळंतविड्याची पुडी तिच्या पिशवीत होती, बाळंतशोपा आणि ओवा, सुक्या, घट्ट बांधलेल्या, तसूभर न हलणाऱ्या. तिनं ती हातात घेतली. नियमाप्रमाणे औषधाखेरीज काही नाही. तिनं पुडी परत पिशवीत टाकली आणि मुसळ बंद केलं.

ते जाळ्यात पडल्याचं पडद्यावर आलं. पुष्कळ वेळानं पलीकडचं उखळ वाजलं. जानकीच्या हातचं ते शेवटचं मुसळ. पुढच्या वेळेपासून नवी बाई.

रेघ सरळ होती. छत्री वेळेवर उघडली. मुसळ जाळ्याच्या बरोबर मध्यावर पडलं, जिथं लाल गोल रंगवला होता. आजवर एकही तिथं पडलं नव्हतं. पुडीचं, शेंगांचं, करवंदांचं एका अंगाला पडणारं वजन त्याला कायम थोडं इकडं नाहीतर तिकडं टाकत आलं होतं.

रोहिणीनं झाकण फिरवून काढलं आणि सवयीनं आत नाक घातलं.

वास नव्हता. मुसळ आतून राखेनं घासलं होतं, धुतलं होतं, कापडानं पुसलं होतं. तिनं कोपरापर्यंत हात आत घातला. खोबणी चाचपल्या, शेपटाकडची निमुळती जागा चाचपली, बोटांना लागतोय का म्हणून एखादा साखरेचा दाणा शोधला. बोटं कोरडी बाहेर आली.

पडद्यावर वजन आलं होतं. रिकाम्या मुसळाचं जेवढं असावं तेवढंच. खाली यंत्र विचारत होतं, उड्डाण कसं झालं?

रोहिणीनं 'निर्दोष' दाबलं.